वर ऊन, खाली गार

मिलिंद, तुझा जलदानविधी झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझा हातोडा घेऊन मी आमच्या गुऱ्हाळात गेले आणि अण्णाच्या काहिलीवर घाव घालायला लागले. एकाच हातानं, कारण डावा अजून प्लास्टरमध्ये आहे. काहील फुटत नाही. रस उकळायची ती एवढी मोठी लोखंडी कढई, आत माणसं पंगतीला बसतील एवढी, तिला नुसते पोचे पडतात आणि ती वाजते. आवाज उसापलीकडच्या वस्तीपर्यंत गेला असणार. गूळ करणारा गुळव्या धावत आला आणि माझं तोंड बघून तिथंच थांबला. दगड फोडताना तू सांगायचास, मनगट सैल सोड, हातोड्याला त्याचं काम करू दे. माझं मनगट सैल सुटलं नाही. तळहाताची साल निघाली, दम लागला, आणि काहील होती तशीच राहिली.

मग मी खाली बसले आणि शिव्या दिल्या. अण्णाला नाही, तुला. त्याही तुझ्याच, जीपचा टायर पंक्चर झाला की तू निपाणीतल्या ठेवणीतल्या काढायचास त्या. तू मेलास याचा मला संताप आलाय. रडू नंतर येईल असं सगळे म्हणतात. येऊ दे. आत्ता मला कुणाचं तरी डोकं फोडावंसं वाटतं, आणि ज्याचं फोडायचं तो हाताला लागत नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांना माहीत नाही त्यांना एवढंच सांगते की अण्णा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, आणि तुझ्यावर पहिला हात त्याचा पडला. बाकीचं तुझ्याशीच बोलते.

पेपरात तुझ्यावर आलंय. 'शांत, संयमी वृत्तीचे भूशास्त्रज्ञ.' बेळगावात टिळकवाडीतल्या आपल्या ऑफिसात बसून मी ते मोठ्यानं वाचलं. तू आणि शांत! सांबऱ्याच्या माळावर बोअरमध्ये वायर अडकली तेव्हा तू जीपच्या दाराला लाथ घातली होतीस, ते दार अजून नीट लागत नाही. माझ्या आलेखात चूक सापडली की कागद चुरगाळून माझ्याच अंगावर फेकायचास. मीही काही कमी नव्हते. शहापुरात तुझ्या खोलीखाली दिवसभर माग खडखडायचे, आणि आपलं भांडण सुरू झालं की मागवाले माग थांबवून ऐकतात असं घरमालकीण सांगायची. तुला ते ऐकून मोठा अभिमान वाटला होता.

पण एका बाबतीत तू खरंच संयमी होतास. वायर खाली सोडली, ठरलेल्या खुणेवर थांबवली, की तिच्या टोकाच्या तापमापकाचा आकडा हलायचा थांबेपर्यंत तू बोअरच्या कडेला उकिडवा बसून राहायचास. मी म्हणायचे, झालं की, कितीसा बदलणार आहे आता? तू मान हलवायचास. आकडा थरथरायचा थांबला की मगच पुढची खूण. त्या थांबण्याच्या वेळांत आपली सगळी ओळख झाली, मिलिंद. तुझी आई दिवसभर बिड्या वळायची आणि तू तिच्या मांडीशी बसून अभ्यास करायचास हे मला एका कोरड्या बोअरच्या कडेला कळलं. आमच्या घरात मुलींनी दहावीच्या पुढं शिकायचं नाही असं ठरलेलं असताना मला बेळगावला कुणी पाठवलं, हे मी तुला तसंच एका बोअरच्या कडेला सांगितलं. अण्णानं पाठवलं होतं. वडलांशी भांडून.

आपलं काम लोकांना कधी कळलं नाही. सगळ्यांना वाटायचं, पाणी बघायला आलेत. देशानं कोळसा कमी करायचा म्हटलं तर सूर्य मावळल्यावर आणि वारा पडल्यावर वीज कुठून आणायची, हा प्रश्न आहे. जमिनीच्या पोटात उष्णता आहे, ती मावळत नाही. पण ती कुठं आहे, किती आहे, वीज काढण्याजोगी आहे का, हे आधी मोजायला लागतं. लडाखपासून कोकणापर्यंत जागोजाग कुणी कुणी मोजत होतं, आणि आपल्या वाट्याला बेळगाव, खानापूर, निपाणी हा पट्टा आला. स्वतः खोल भोकं पाडणं आपल्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून तू युक्ती काढलीस, की लोकांनी पाण्यासाठी मारलेल्या आणि कोरड्या निघालेल्या बोअर वापरायच्या. उपसा नाही, कुणी हात लावत नाही, म्हणजे आतला दगड आपल्या मूळच्या तापमानाला आलेला असतो. आपल्या भागात कोरड्या बोअरना काही तोटा नाही. जमीन खालून तापलेली असते, त्यामुळं जितकं खोल जाल तितका आकडा वाढायला हवा. हळू वाढला तर इथं काही नाही, झपाट्यानं वाढला तर आशा आहे. एवढं साधं. बाकी सगळं हिशेबाचं.

मारहाण आपल्याला नवीन नव्हती. एका गावात जीपवरची कानडी अक्षरं बघून दगड आले. पुढं दुसऱ्या एका गावात आपण मराठीत बोलतो म्हणून पोरं अंगावर आली. तुझ्या कपाळाला खोक पडली होती, तू रुमाल बांधलास आणि तसाच वायर सोडायला बसलास. मी ओरडले की दवाखान्यात चल. तू म्हणालास, "आकडा थांबू दे." रक्त भुवईवरून खाली येत होतं आणि तू मला सांगत होतास की हा खालचा काळा दगड या दोन्ही राज्यांच्या कितीतरी आधीचा आहे, त्याला कुणी विचारलंय का कुठं जायचंय म्हणून. मला तेव्हाही तुला मारावंसं वाटलं होतं.

आंबोली घाट उतरून आपण कोकणात गेलो होतो, खरा गरम झरा कसा असतो तो बघायला. तू चपला काढून पाण्यात पाय घातलास आणि असा काही बोंबललास की आंघोळीला आलेल्या बायका पळाल्या. मग आकडे घेऊन झाल्यावर तू कुंडाच्या कठड्यावर बसून स्वतःची बोटं बघत राहिलास. मी विचारलं, काय झालं? म्हणालास, आईची बोटं बिड्या वळून आखडलीत, तिला इथं आणायला पाहिजे. पुढच्याच महिन्यात आणलंसही. दिवसभर तिचे हात धरून त्या पाण्यात बसलास. परवा जलदानाला तुझी आई माझ्याजवळ बसली होती. तिनं माझा प्लास्टरचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. तुझ्या आईनं माझा हात धरावा एवढी माझी लायकी नाही असं मला वाटत राहिलं, कारण मी त्या घरची आहे. तिच्या मनात तसं काही नव्हतं. मला ते सहन झालं नाही.

आपलं खरं भांडण एकच होतं आणि ते तवंदी घाटात झालं. निपाणीच्या आसपासचे आकडे बघून तू म्हणालास, हा सगळा पट्टा गार आहे, वीज होण्याजोगी उष्णता इथं नाही, तसंच लिहायचं. मी म्हटलं, 'संभाव्य' लिहू. पुढं कुणी जास्त खोल भोक पाडेल, काही निघेलही. या गावांना काही आशा नको का? तू जीप कडेला थांबवलीस.

"गार म्हंजे नापास न्हवं, पाटीलबाई. गार हे बी उत्तरच हाय."

माझं आडनाव पाटील नाही. शेतीवाडी असलेल्या घरची म्हणून तू मला तसं चिडवायचास. तुझं म्हणणं असं होतं की जिथं खोदायचं नाही ते देशाला आधी कळलं पाहिजे. आपण खोटी आशा लावली तर यंत्रं येतील, गाव जमिनी मोकळ्या करून बसेल, हाताला काही लागणार नाही, आणि उद्या जिथं खरंच उष्णता आहे तिथल्या लोकांचाही विश्वास बसणार नाही. 'संभाव्य' हा भित्र्या माणसाचा शब्द आहे असंही म्हणालास. मी जेवणाचा डबा तुझ्या अंगावर फेकला आणि जीपमधून उतरून घाट चालायला लागले. तू माणसाच्या चालीनं जीप माझ्यामागं आणत राहिलास, हॉर्न वाजवत. तुझ्यामागं ट्रक तुंबले, तेही वाजवायला लागले. निपाणी येईपर्यंत मी वळून बघितलं नाही. तुझ्या शर्टावर वांग्याचा रस्सा होता.

आमच्या गुऱ्हाळामागची बोअर शेवटची राहिली होती. ती कोरडी बोअर थंडीच्या सकाळी वाफ टाकते अशी बातमी आधीच सगळीकडं झाली होती. आपल्याआधी कुणीतरी येऊन वरच्यावर तापमापक बुडवून गेलं होतं आणि अण्णाला सांगून गेलं होतं की इथं वीज आहे. अण्णानं ते खरं धरलं. नुसतं धरलं नाही, गावभर केलं. घरटी एकाला नोकरी मिळणार, रस्ता मोठा होणार, दोन्ही राज्यांचे मंत्री आपल्या दारात येणार. त्यानं बोअरशेजारी जागा सपाट करून घेतली, बोर्ड रंगवून घेतला. बोअरला हळदकुंकू लागायला लागलं. मी फोनवर सांगितलं होतं, अण्णा, अजून मोजलेलं न्हाय. तो हसला होता. "तू मोज की गं, तू मोजलीस म्हंजे झालं," म्हणाला.

तू मोजलंस. सगळं गाव गुऱ्हाळात जमलं होतं. चुलवाण पेटलेलं, काहिलीत रस उकळत होता, अण्णानं नारळ आणून ठेवलेला. आई सगळ्यांसाठी चहा करत होती. तू वायर सोडलीस. वरच्या खुणेवर आकडा खरंच मोठा आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू उकिडवा बसून राहिलास. पुढची खूण, आकडा उतरला. त्याच्या पुढची, अजून उतरला. मी तुझ्याकडं बघितलं, तू माझ्याकडं बघितलंस, आणि आपल्या दोघांना तिथंच कळलं. वर ऊन आणि खाली गार, अशी जमीन असत नाही. तळाला गेल्यावर आकडा शेजारच्या सगळ्या बोअरसारखाच आला. वायर वर ओढली तर तिला तांबूस चिकट काहीतरी लागलेलं, आंबट वास येणारं. तू ते बोटावर घेऊन हुंगलंस आणि अगदी सहज विचारलंस की काहील धुतलेलं पाणी आणि मळी कुठं सोडता?

रस उकळताना वर येणारी घाण काढून टाकतात, ती मळी. माश्या होतात, वास सुटतो, शेजारी भांडतात. आमच्याकडं कोरडी बोअर म्हणजे नको ते टाकायची जागा. अण्णा कितीतरी हंगाम ती मळी आणि कढत धुवण त्याच बोअरमध्ये ओतत होता. आत ती वरच अडकून आंबत होती, आंबताना तापत होती. अण्णाला हे माहीत नव्हतं असं नाही. त्यानं ते दोन्ही एकत्र जोडून कधी बघितलंच नव्हतं. गर्दीतून कुणीतरी भाबडेपणानं उत्तर दिलं, "त्येच बोअरात की." तू लोकांना समजावून सांगितलंस, चांगल्या शब्दांत सांगितलंस, यात कुणाची चूक नाही असंही म्हणालास. तेवढ्यात मागून एकजण बोलला, म्हंजे अण्णाच्या मळीवर आमच्या घरात दिवा लागणार हुता व्हय?

सगळं गुऱ्हाळ हसलं. आणि तूही हसलास.

का हसलास? मी हे तुला विचारून विचारून थकले. मीसुद्धा ओठ चावून हसू दाबलंच होतं, पण मी तिथली होते, तू नव्हतास. गाव हसलं ते अण्णा उद्या विसरला असता. तुझं हसणं तो विसरणार नव्हता, आणि का विसरणार नव्हता ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. "कुनाला हसतोस रं?" म्हणाला आणि पुढं त्यानं तुझ्या जातीचं नाव घेतलं. मी ते इथं लिहीत नाही. चुलवाणातली राख ओढायची लोखंडी दांडी भिंतीला टेकून ठेवलेली होती, ती त्यानं उचलली. पहिला घाव तुझ्या खांद्यावर बसला, तू अजून काही तरी समजावत होतास. दुसरा डोक्यावर.

आणि मग जे हसले होते तेच धावून आले. हे मला सगळ्यात जास्त झोंबतं. एक क्षण आधी ते अण्णावर हसत होते, आणि आपण हसलो नव्हतो हे दाखवायला त्यांनी तुला तुडवलं. उसाच्या कांड्यांनी, लाथांनी, हाताला येईल त्यानं. मी तुझ्यावर पडले. दांडी माझ्या मनगटावर आली, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी कुणाच्या तरी दंडाचा लचका तोडला, तोंडात रक्त आलं आणि मला बरं वाटलं. अजूनही ते आठवलं की बरं वाटतं. तो कोण होता माहीत नाही, त्याच्या दंडावर माझे दात आयुष्यभर राहू देत. आई दारात उभी होती, हातात चहाचं ताट. ती ओरडली नाही. ताट तिनं खाली ठेवलं नाही.

अण्णा चांगला होता, त्या दिवशी त्याचं डोकं फिरलं, असं मला येऊन सांगतात. मला बेळगावला त्यानंच पाठवलं हे मी विसरत नाही. त्या शिक्षणानंच मी तुझ्याबरोबर त्या बोअरवर उभी होते, हेही विसरत नाही. पण त्याच्या इतर वेळच्या चांगुलपणाशी मला आता काही देणंघेणं नाही.

आता आपलं शेवटचं भांडण. तू दवाखान्यात शुद्धीवर आलास, डोकं बांधलेलं, एक डोळा मिटलेला, आणि मला जवळ बोलावून म्हणालास की पोलिसांना सांग, मी घसरून चुलवाणात पडलो. मला आधी कळेचना. गावानं पोलिसांना तेच सांगितलं होतं, पण तू?

"अण्णाचं नाव घिऊ नगंस. तुला घर ऱ्हाणार न्हाय, सुनंदा."

कधी नव्हे ते तू मला नावानं हाक मारलीस. आणि मी तुझ्यावर ओरडले. मरायला टेकलेल्या माणसावर ओरडले, मिलिंद, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. मी म्हटलं, जमिनीबद्दल एक शब्द मऊ करू देत नव्हतास. गार म्हणजे गार. 'संभाव्य' लिहिलं तर भित्री. आणि आता स्वतःच्या फुटलेल्या डोक्याबद्दल मात्र खोटं लिहू? दगडाचं खरं आणि माणसाचं खोटं, हे कुठं शिकलास? तू म्हणालास, दगडाला घर नसतं. मी म्हटलं, मला नकोय असलं घर. तू काही तरी उत्तर देणार होतास, तुझे ओठ हलले होते, पण माझा आवाज ऐकून नर्स आली आणि तिनं मला बाहेर काढलं. दुपारनंतर तू परत बोलला नाहीस. ते उत्तर काय होतं हे मला कधी कळणार नाही.

मला माहीत आहे तू ते माझ्यासाठी म्हणालास. स्वतःवरचा घाव गिळायची सवय तुला लहानपणापासून लावली गेली होती, हेही माहीत आहे. त्या सवयीचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. आणि माझ्या घरासाठी तू ती शेवटी परत वापरलीस याबद्दल मी तुझी आयुष्यभर ऋणी आहे. हे दोन्ही एकदम कसं वाटतं ते मला सांगता येत नाही, पण वाटतं.

तू गेलास आणि अण्णा त्याच दिवशी सीमा ओलांडून कागलकडं पाहुण्यांकडं जाऊन राहिला. आयुष्यभर मोर्च्यात पुढं असायचा, आमचं गाव महाराष्ट्रात गेलं पाहिजे म्हणून. गाव गेलं नाही, अण्णा गेला. स्वतःपुरता त्यानं सीमाप्रश्न सोडवला. भावकीतले लोक टिळकवाडीला येऊन बसायला लागले. गेला तो काही परत येत नाही, आता हा कशाला घालवतेस, म्हणाले. एकानं जाताना जिन्यात उभं राहून सांगितलं की मनगट एकदा मोडलंय, दुसऱ्यांदा जुळत नाही. मी वरून पाण्याची बादली त्याच्यावर ओतली. मोरीतलंच पाणी होतं.

अहवाल मी पाठवला. तुझ्या नावासकट. हा पट्टा गार आहे, वीज होण्याजोगी उष्णता नाही, आणि गुऱ्हाळाच्या बोअरमधला वरचा आकडा जमिनीचा नाही, मळीचा आहे, असं साध्या माणसालाही कळेल इतकं सरळ लिहिलं. वरच्या कार्यालयातून फोन आला की ती एक जागा 'पुढील अभ्यासासाठी' म्हणून ठेवता येईल का, एवढं सगळं घडलंय तिथं. मी म्हटलं, तिथं अभ्यास करणारा मारला गेलाय. देशाच्या नकाशावर आपला तुकडा आता गार म्हणून रंगवला जाईल. तू तवंदी घाटात जिंकलास. मला अजूनही वाटतं की त्या लोकांना काहीतरी हवं होतं, आणि ते मागणं चुकीचं नव्हतं. हे भांडण मी चालूच ठेवणार आहे.

राहिला माझा जबाब. मी आईला फोन करून सांगितलं की उद्या ठाण्यात जाणार आहे आणि अण्णाचं नाव घेणार आहे. तिनं ऐकलं आणि फोन ठेवून दिला. सकाळी मी पोचले तर ती आधीच येऊन बाकावर बसली होती, पहिल्या एसटीनं आलेली, इरकल नेसून. मला अडवायला आली आहे असंच मी धरलं. पाया पडेल, पदर पसरेल, यासाठी मी मन घट्ट करून गेले होते. तिनं पाय आवळून मला वाट दिली. मी तिच्यासमोरून आत गेले.

साहेब वयस्कर होते. त्यांनी आधी विचारलं की मयताशी तुमचं नातं काय. शेजारचा शिपाई उगीचच खाकरला. मी सांगितलं की आम्ही दोघं मिळून जमिनीत तापमापक सोडायचो. साहेबांनी 'सहकारी' लिहिलं. मग मी सगळं सांगितलं, वायर, मळी, हसू, दांडी. नाव सांगितलं. साहेबांनी विचारलं, हे तुमचे कोण?

"सख्खा भाऊ."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "नोड्री, बघा बाई, नीट विचार करा. घसरून पडला असं सगळं गाव सांगतंय. तुमच्या एकटीच्या जबाबावर तुमच्या भावाचा जन्म तुरुंगात जाईल." मी म्हटलं, लिहा. जबाब कानडीत लिहिला गेला. मी शाळेत कानडी शिकलेय, तो ओळ न् ओळ वाचला, एका जागी 'जमावापैकी कुणीतरी' असं आलं होतं ते बदलायला लावलं, आणि उजव्या हातानं सही केली.

बाहेर आले. आई तशीच बसली होती. तिनं वर न बघता विचारलं, "नाव घेतलीस?"

"व्हय."

मला वाटलं आता शाप देईल. ती पदर खोचून उठली आणि म्हणाली, "मग माझं बी लिवून घ्या म्हणावं. मी दारातच हुतो."

मी तिचा हात धरायला गेले, तिनं तो सोडवून घेतला. साहेबांनी तिला खुर्ची दिली ती तिनं घेतली नाही. उभ्यानं तिनं आपल्या लेकाचं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, आणि त्यानं कशानं मारलं तेही सांगितलं. तिला सही येत नाही, अंगठा दिला. आणि मिलिंद, मग ती बाहेर आली आणि माझ्याकडं एकदाही न बघता अंगठ्याची शाई पदराला पुसत एकटीच स्टँडकडं चालायला लागली.